अभ्यास की धावणे, हा निर्णय सध्या घेऊ नका

आपली मुलगी पंधरा वर्षांची आहे, वर्गात पहिल्या दोघींत असते आणि ८०० व १५०० मीटर धावते. गेल्या काही महिन्यांत तिची धावण्याची वेळ सुधारण्याऐवजी घसरली आहे, गुणही थोडे उतरले आहेत. वर्गशिक्षिका म्हणतात की परीक्षा होईपर्यंत धावणे बंद करा, तर प्रशिक्षक म्हणतात की ही वर्षे पुन्हा मिळणार नाहीत. मुलीला विचारले तर ती ‘मला दोन्ही हवे आहे’ एवढेच सांगते. म्हणून दोन्हींपैकी काय सोडावे, असे आपण विचारले आहे.

मी गणित शिकवते आणि शाळकरी मुलींकडून मध्यम पल्ल्याच्या धावण्याचा सरावही करून घेते, त्यामुळे एकाच मुलीची उत्तरपत्रिका आणि तिचे धावणे या दोन्ही गोष्टी माझ्या नजरेसमोर असतात. आपल्या प्रश्नापेक्षा आपण ओघात लिहून गेलेल्या तीन गोष्टींनी माझे लक्ष वेधले. ती रात्री साडेअकराला झोपते आणि पहाटे पावणेपाचला उठते. तिची उजवी नडगी दुखते. आणि तिची पाळी तीन महिन्यांहून अधिक काळ आलेली नाही, पण ‘खेळाडू मुलींचे असे होतेच’ असे प्रशिक्षकांनी सांगितल्यामुळे आपण निश्चिंत आहात. या तिन्हींचा छडा लागेपर्यंत अभ्यास की धावणे हा प्रश्न बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे, कारण वेळ आणि गुण एकाच सुमारास घसरतात तेव्हा दोन्हींच्या मुळाशी बहुधा एकच कारण असते.

पाळीपासून सुरुवात करते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत चक्र मागेपुढे होते हे खरे आहे, आणि किशोरवयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर सर्वसाधारण मानले जाते. मात्र एकदा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ती सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे, हा नियम खेळाडू मुलींनाही तितकाच लागू आहे. ‘खेळाडू मुलींचे असे होतेच’ हे वाक्य मैदानावर इतक्या सहजपणे बोलले जाते की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नाही. ते अनेकींच्या बाबतीत घडते हे मान्य आहे, परंतु अनेकींना होते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

त्यामागची प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेतला मोठा वाटा सरावावर खर्च होतो, आणि उरलेल्या ऊर्जेत शरीराला वाढ, हाडांची बांधणी, रोगप्रतिकार, पचन आणि पाळीचे चक्र एवढे सगळे भागवायचे असते. उरलेली ऊर्जा पुरेनाशी झाली की, आज जगण्यासाठी ज्यावाचून अडत नाही, त्यावरचा खर्च शरीर कमी करते. पाळी थांबणे हे त्या काटकसरीचे बाहेरून दिसणारे चिन्ह आहे. इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी खालावते आणि त्याचा थेट परिणाम हाडांवर होतो. हे सारे घडते नेमके त्या वयात, जेव्हा हाडे आयुष्यभराची पुंजी साठवत असतात. मुलींमध्ये हाडांच्या कमाल वस्तुमानाचा सुमारे नव्वद टक्के भाग अठराव्या वर्षापर्यंत तयार झालेला असतो. बिघडलेले खाणे, बंद झालेली पाळी आणि कमकुवत हाडे यांचे त्रिकूट खेळाच्या वैद्यकशास्त्राने १९९० च्या दशकातच एकत्र मांडले होते. पुढे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याची व्याप्ती वाढवली आणि ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता’ या नावाखाली मनःस्थिती, एकाग्रता, प्रतिकारशक्ती आणि प्रत्यक्ष कामगिरी यांवर होणारे परिणामही त्यात धरले. एकाग्रता हा शब्द त्या यादीत आहे, हे वर्गशिक्षिकांना आवर्जून सांगावे.

यासाठी मुलीने जाणीवपूर्वक उपास केलेला असण्याची गरज नसते. पहाटे रिकाम्या पोटी सराव, मग धावतपळत शाळा, मधल्या सुट्टीत राहिलेली वही पूर्ण करणे आणि संध्याकाळी शिकवणी, अशा दिवसात मनापासून खाणारी मुलगीही गरजेपेक्षा बरेच कमी खाते, आणि जोरदार सरावानंतर काही काळ भूक मंदावत असल्यामुळे तिला स्वतःलाही ते कळत नाही. म्हणून ‘ती पोटभर जेवते’ या रात्रीच्या एका जेवणावरून केलेल्या निरीक्षणावर विसंबू नका. सरावाआधी थोडेसे आणि सराव संपल्यावर तासाभराच्या आत व्यवस्थित खाणे तिच्या वेळापत्रकात गणिताच्या तासाइतकेच ठरलेले असायला हवे.

आता नडगी. इथे एक साधी तपासणी घरी करता येते. मुलीला बसवून नडगीच्या आतल्या कडेवरून आपले बोट वरून खाली हळूहळू दाबत न्या. दुखणे वीतभर लांबीच्या पट्ट्यात पसरलेले असेल, सरावाच्या सुरुवातीला जाणवून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा हाडाच्या आवरणावर आणि स्नायूंवर आलेल्या ताणाचे आहे. मात्र एका ठरावीक जागी, बोटाच्या पेरात मावेल एवढ्याच भागात, दाबताक्षणी मुलगी पाय मागे घेत असेल, त्या एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर अतिताणाने हाडाला तडा गेल्याची शक्यता धरून धावणे त्याच दिवशी थांबवावे. असा तडा सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो स्वच्छ आहे’ एवढ्यावर समाधान न मानता एमआरआयची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. पाळी बंद असलेल्या धावपटूची नडगी दुखणे ही माझ्या लेखी किरकोळ तक्रार नाही.

झोपेचा हिशेब तर आपणच लिहून दिला आहे: सव्वापाच तास. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेची २०१६ ची शिफारस आहे. रविवारी ती दहापर्यंत उठत नाही, याला आपण आळस म्हटले आहे. ती आठवड्याची थकबाकी आहे, आणि एका सकाळीत ती फिटत नाही. ‘मग लवकर झोपव’ हा उपाय मोठ्यांना सुचतो, पण या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकलेले असते, झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागते, आणि नऊ वाजता दिवा मालवला तरी मुलगी छताकडे पाहत पडून राहते. म्हणून सकाळची बाजू बदलणे अधिक शक्य असते. आठवड्यातले निदान तीन पहाटेचे सराव संध्याकाळी हलवता येतील का, हे प्रशिक्षकांना विचारा. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते, त्यामुळे झोप तोडून केलेल्या रात्रीच्या अभ्यासातून पदरात फार थोडे पडते. सकाळच्या तासाला अशा मुली मला समोर दिसतात: भूमितीचे एकच विधान तीनदा वाचतात, आकृती नीटनेटकी काढतात, आणि दिलेल्या माहितीतली एक अट वापरायचीच विसरतात. त्यांना विषय येत असतो, म्हणून शिक्षकाला तो निष्काळजीपणा वाटतो.

रक्ताची तपासणी करायचीच आहे, तर केवळ हिमोग्लोबिनवर थांबू नका. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन खालावलेले असू शकते, आणि लांब धावणाऱ्या मुलींमध्ये हे वारंवार आढळते. लोहाच्या गोळ्या मात्र अहवाल पाहून डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू कराव्यात.

वजनाविषयी आपण एक वाक्य लिहिले आहे, त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. ‘दोन किलो कमी केलेस तर वेळ सुधारेल’ असे तिला कोणीतरी सुचवले आहे. बारा ते सोळा या वयात मुलींच्या शरीराची ठेवण बदलते, कंबरेखालचा भाग रुंदावतो, चरबीचे प्रमाण निसर्गतःच वाढते, आणि नव्या शरीरातली धाव बसायला वेळ लागतो. या काळात वर्ष-दीड वर्ष वेळ सुधारत नाही किंवा थोडी मागेही जाते. ज्यांना या टप्प्यातून शांतपणे जाऊ दिले जाते त्यांच्यातल्या अनेकजणी पुढे पूर्वीपेक्षा वेगाने धावतात, कारण त्यांची ताकदही वाढलेली असते. ज्यांना याच वर्षी वजन उतरवायला सांगितले जाते, त्यांची वेळ काही आठवडे सुधारते आणि मग दुखापतींची रांग लागते. तो सल्ला देणाऱ्या व्यक्तीला, ती कितीही आदरणीय असो, आपण पालक या नात्याने स्पष्ट सांगावे की मुलीच्या वजनाचा विषय यापुढे मैदानावर निघणार नाही.

‘ही वर्षे पुन्हा मिळणार नाहीत’ या म्हणण्याकडे वळते. प्रशिक्षकांच्या मनात अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी हिच्यासारखी उदाहरणे असणार, आणि ती खरी आहेत. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले तेव्हा ती पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी होती, आणि पुढे तिने स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्राचे शिक्षणही घेतले. परंतु ॲना किसनहोफर हिचे उदाहरण तितकेच खरे आहे. ऑस्ट्रियाची ही गणितज्ञ, डॉक्टरेट मिळवलेली, शालेय वयात सायकलपटू नव्हतीच. तिने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची रस्त्यावरील सायकल शर्यत जिंकली, तेव्हा ती तिशीत होती. अमेरिकेची धावपटू गॅबी थॉमस हिने हार्वर्डमध्ये मेंदूविज्ञान शिकून, त्यानंतर जनआरोग्यात पदव्युत्तर पदवी घेऊन, २०२४ मध्ये पॅरिसला २०० मीटरचे सुवर्ण मिळवले. अशा नावांवरून आपल्या मुलीचे भविष्य सांगता येत नाही, आणि कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. पंधराव्या वर्षी दार कायमचे बंद होते या भीतीला मात्र आधार नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. सहनशक्तीच्या खेळांत तर स्त्रियांची सर्वोत्तम वर्षे साधारणपणे विशीच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर येतात.

तब्येतीचा प्रश्न मार्गी लागला की वेळापत्रकाचे काम तुलनेने सोपे आहे. शाळेचे आणि स्पर्धांचे वेळापत्रक एकाच कागदावर मांडा आणि वर्गशिक्षिका व प्रशिक्षक यांना एकत्र बसवा. आजवर दोघांनीही मुलीमार्फत एकमेकांना निरोप पाठवले आहेत, आणि दोन मोठ्या माणसांच्या मागण्यांचा मेळ घालण्याचे काम पंधरा वर्षांच्या मुलीवर पडले आहे. परीक्षेच्या आधीचे तीन-चार आठवडे एकूण अंतर निम्म्यावर आणून वेगाचे एक-दोन सराव कायम ठेवले, तर कमावलेली क्षमता फारशी घटत नाही. हे प्रशिक्षकांना माहीत असते, फक्त कोणी विचारलेले नसते. त्याचप्रमाणे मुख्य स्पर्धेच्या आठवड्यात प्रकल्पाची मुदत चार दिवस पुढे सरकवणे शाळेला जड जाऊ नये. आठवड्यात एक पूर्ण दिवस आणि वर्षातून काही आठवडे धावण्याला सुट्टी असावी. 

शेवटी, ‘मला दोन्ही हवे आहे’ या तिच्या वाक्याविषयी. ते प्रामाणिक आहे असे मी मानते, पण दोन्हीकडे पहिली येणारी मुलगी लहानपणापासून एक गोष्ट शिकलेली असते: आपली अडचण सांगितली की मोठी माणसे दोन्हींपैकी एक काढून घेतात. म्हणून ती नडगीचे दुखणे लपवून ठेवते, झोप आली तरी दिवा चालू ठेवते, आणि विचारल्यावर ‘मी ठीक आहे’ म्हणते. धावणे कायमचे बंद होणार नाही आणि गुणांवरून बोलणी बसणार नाहीत, असे आपण दोघांनी तिला आधी सांगा, आणि मगच नडगीविषयी व पाळीविषयी विचारा. दुसरे म्हणजे, दोन्ही राखायचे असेल तर दोन्हीकडे सदैव पहिले यायचा हट्ट सोडावा लागेल, आणि तो हट्ट तिच्याइतकाच घराचाही असतो. एखाद्या सत्रात तिसरा क्रमांक आणि एखाद्या हंगामात उपांत्य फेरी, हे चालेल असे घरात मोठ्याने म्हटले गेले पाहिजे.

या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, शक्य असल्यास खेळाडूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जा, कारण पाळी थांबण्याची थायरॉइडसारखी इतर कारणे आधी वगळावी लागतात. जाताना तिची सरावाची वही, गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा आणि एका आठवड्यात ती काय व किती वाजता खाते याची नोंद सोबत न्या. अहवाल येईपर्यंत धावणे थांबवून पोहणे किंवा सायकल यांसारखा नडगीवर भार न टाकणारा हलका व्यायाम चालेल का, तेही तिथेच विचारा. मुलीला ‘सगळे बंद’ असे न सांगता ‘सध्या हे कर’ असे सांगता आले तर ती ऐकण्याची शक्यता अधिक आहे. अहवाल हाती आल्यावर इथेच कळवा, पुढचे वेळापत्रक आपण मिळून मांडू.