खुडूक कोंबडीखाली ठेवलेली टर्कीची अंडी फुटत नाहीत, फुटलीच तर पिल्लं पावसाळ्यात मरतात. काय चुकतंय?

कारणं तुमच्याच वर्णनात आहेत. एप्रिलअखेर तुम्ही टर्कीची 9 आणि गावरान 6 अंडी आठ-दहा दिवस घरात साठवली आणि मग एकाच दिवशी एकाच कोंबडीखाली ठेवली. गावरान पिल्लं निघाली तशी कोंबडी त्यांना घेऊन उठली. टर्कीची अंडी दुसरीखाली सरकवल्यावर 2 फुटली, आणि ती पिल्लंही आखाडात पिवळी हगवण लागून गेली.

आधी दिवसांचा हिशेब. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, टर्कीचं 28. पिल्लांचा आवाज सुरू झाला की कोंबडी उरलेल्या अंड्यांवर फार वेळ बसत नाही. शिवाय टर्कीचं अंडं 80 ग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे मध्यम गावरान कोंबडीखाली 4 ते 5 च ठेवावीत. जास्त ठेवली तर कडेची उघडी पडतात. दोन्ही जातींची अंडी एका टोपलीत ठेवूच नका, त्याचं कारण पुढे येईल.

पण तुमचं खरं नुकसान अंडी बसवण्याआधीच झालं आहे. साधारण 20-21 अंशांच्या वर गेलं की अंड्यातला जीव हळूहळू वाढायला लागतो. एप्रिलात आपल्याकडे विदर्भात घरात दिवसा 35 च्या वर आणि रात्री 27-28. म्हणजे वाढ धड सुरू होत नाही, धड थांबतही नाही, आणि आठवड्याभरात जीव आतच मरतो. बसवल्यावर आठव्या दिवशी अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावून पाहा. लाल शिरांचं जाळं पसरलेलं दिसलं तर ठीक. नुसतंच लाल कडं दिसलं तर पिलू मेलेलं आहे, ते अंडं काढून टाका. टर्कीच्या बाबतीत आणखी एक अडचण म्हणजे ती बहुतेक अंडी दुपारी घालते, ऐन उन्हात. पत्र्याच्या शेडमध्ये ते अंडं संध्याकाळपर्यंत पडून राहिलं तर त्याचा भरवसा उरत नाही. दुपारी तासा-दीड तासाने अंडी उचला.

साठवायला दोन माठ घ्या, एक मोठा, एक लहान. मोठ्यात ओली रेती, रेतीत लहान माठ, त्यात कोरडं तणीस आणि अंडी निमुळतं टोक खाली करून. रेतीला दोन वेळा पाणी द्यायचं, अंड्याला पाणी लागू द्यायचं नाही. हवा कोरडी असते तोवर हे चांगलं चालतं. हिवाळ्यात 7 दिवसांपर्यंत साठवा, उन्हाळ्यात 3 दिवसांवर नको. फ्रिज नको, तो फार थंड पडतो.

माझं स्पष्ट मत आहे की विदर्भात अंडी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच बसवावीत. दिवस लहान असल्याने टर्की तेव्हा अंडी कमी देते, म्हणून पहाटे-संध्याकाळी बल्ब लावून एकूण 14 तास उजेड द्या. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर अंडी उबवायचं मशीनही कामाचं नाही. आत 37.5 अंश लागतात आणि खोलीच 41-42 वर असते. घरगुती मशीनमध्ये तापवायची सोय असते, थंड करायची नसते. उन्हाळ्यात बसवणं भागच असेल तर मातीच्या जमिनीच्या, कूलर असलेल्या खोलीत कोंबडीच बसवा. टोपलीत तळाशी चार बोटं ओलसर माती, वर तणीस, आणि शेवटचे 3 दिवस टोपलीभोवती कोमट पाण्याचा शिडकावा. कोरड्या हवेत आतला पडदा वाळून पिलाला चिकटतो आणि टोचा मारूनही ते बाहेर येऊ शकत नाही. श्रावणात उलटं होतं: ओल जास्त, अंड्यातली हवेची जागा लहान राहते आणि पिलू आतच गुदमरतं. तेव्हा मशीनच्या ट्रेमध्ये पाणी शेवटच्या 3 दिवसांतच भरा.

टर्कीची पिल्लं कोंबडीच्या पिलांसारखी आपणहून खायला लागत नाहीत. भरल्या भांड्याशेजारी उपाशी मरतात. पहिले 15 दिवस 1 लिटर पाण्यात 100 मिली दूध आणि 10 पिलांमागे 1 उकडलेलं अंडं बारीक करून द्या. पाण्याच्या भांड्यात चमकत्या गोट्या टाका, त्यावर ती चोच मारतात. खाली तुस टाकून वर गोणपाट अंथरा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात, आणि लाकडाचा भुसा ती खातात. पहिला आठवडा 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं काय करतात ते पाहा. बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर गरमी. जानेवारीत रात्रीचं भारनियमन असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवा.

आता ती पिवळी हगवण. गंधकासारखी पिवळी विष्ठा, पंख लोंबलेले, पिलू एका जागी उभं, ही लक्षणं ब्लॅकहेड या आतड्याच्या आणि यकृताच्या आजाराची असतात. त्याचे जंतू कोंबडीच्या आतड्यातल्या कृमीच्या अंड्यांतून जमिनीत येतात, आणि पावसात वर आलेल्या गांडुळांतूनही टर्कीच्या पोटात जातात. कोंबडीला बहुधा काही होत नाही, टर्की मात्र पटापट मरतात. ती कृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून टर्कीला कोंबड्या न फिरलेली वेगळी जागा द्या, आणि पावसाळ्यात पिल्लं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, बांबूच्या किंवा जाळीच्या मचाणावर ठेवा. कोंबडीखाली उबवलेली टर्कीची पिल्लं निघाल्याबरोबर तिच्यापासून काढून घ्या. खात्री हवी तर मेलेलं पिलू त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. यकृतावर गोल, खोलगट डाग दिसले की निदान पक्कं. विष्ठेत रक्त असेल तर मात्र तो कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा दुसरा आजार असू शकतो, त्याचं औषध वेगळं.

खाद्याबद्दल हात जोडून सांगतो, बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची ढेप टर्कीला घालू नका, 'थोडीच आहे' म्हणूनही नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की मेल्या त्या बुरशीच्या शेंगदाणा पेंडीनेच, आणि अफलाटॉक्सिन हे विष त्यातूनच सापडलं. पावसाळ्यात खाद्य 15 दिवसांपुरतंच आणा आणि पोती भिंतीला न टेकवता फळीवर ठेवा.

मानमोडीची (राणीखेत) पहिली लस पहिल्या आठवड्यात, देवीची चौथ्या-पाचव्या आठवड्यात, मानमोडीची दुसरी सहाव्या आठवड्यात. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणा आणि सकाळी ऊन चढायच्या आत देऊन घ्या.