जागेच्या आधी प्रश्न

प्रिय मुली,

रविवारी तू फाईल घेऊन आलीस आणि चहा गार होईपर्यंत एकच विचारत राहिलीस, "सर, जागा कुठे निघाल्या आहेत?" फक्त नाव बदलून एकच मजकूर पीएच.डी.च्या चाळीस गाईडांना पाठवलास आणि एकाचेही उत्तर आले नाही, असे म्हणालीस. त्यातल्या दोन पत्रांत नावही बदलायचे राहून गेले आहे. त्या दिवशी बोललो नाही, आता बोलतो.

तुझा नेटचा निकाल केवळ पीएच.डी. प्रवेशापुरता असून तो एकच वर्ष चालतो, म्हणून तुझी घाई मला कळते. परंतु त्या प्रवेशात 70 टक्के भार नेटच्या गुणांना आणि 30 टक्के मुलाखतीला असतो. गुण आता हलणार नाहीत. मुलाखतीत मात्र कशावर काम करायचे आहे, हे विचारले जाणारच. तेव्हा "सर देतील तो विषय" असे सांगणार आहेस का?

आधी प्रश्न, मग गाईड, मग जागा. तुझे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने ओलित केले की काळी जमीन कशी आवळून टणक होते, हे तू लहानपणापासून पाहत आलीस, आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यामुळे त्यात सोडियमचा हात कसा आहे, हेही तुला ठाऊक आहे. असे असताना प्रश्न दुसऱ्याकडे मागायला का जातेस? शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात या पट्ट्यावरचे प्रबंध शोध, त्यांचे शेवटचे प्रकरण आधी वाच, काय करायचे राहिले ते टिपून घे आणि गाईड कोण होते ते पाहा. नागपूरचा मृदा सर्वेक्षण ब्यूरो, तिथलीच निरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ येथे माती-पाण्यावर काम करणारी माणसे आहेत. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. तेव्हा पत्रात आधी प्रश्न मांड आणि जागा रिकामी आहे का, हे शेवटच्या ओळीत विचार. प्रकल्पातली नेमणूक मिळाली, तर तिच्यासोबत पीएच.डी.ची नोंदणी होणार का, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपचे नंतर पाहू.

मी हे उलटे केले. जागा मिळाली म्हणून गाईडांचा अर्धवट राहिलेला विषय उचलला, सात वर्षे घातली, आणि तो प्रबंध मी स्वतः पुन्हा कधी उघडला नाही. पुढे नागपुरात संधी आली तेव्हा आईच्या प्रकृतीचे कारण सांगून मी इथल्याच कॉलेजात राहिलो, आणि लोकांनी मला मूर्ख ठरवले. आई तशी ठणठणीत होती. पुन्हा दुसऱ्याच्या प्रश्नावर राबायचे नव्हते, एवढेच. इथे राहून मी पंधरा वर्षे विहिरींच्या पाण्याच्या नोंदी ठेवल्या. छापले फारसे नाही, तरी त्या नोंदी माझ्या आहेत, आणि त्याला कोणी हट्ट म्हणत असेल तर म्हणो.

येत्या रविवारी फाईल आणू नकोस. तीन गाईडांची नावे आण, प्रत्येकाचा निदान एक शोधनिबंध वाचून ये, आणि घरच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून आण; प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडेच असते.

तुझा,
सर