बेळगाव जिल्ह्यातल्या कामगारांना नोकरी, महागाई, राहणीमान याबद्दल काय वाटतं याचं सर्वेक्षण करायचंय. किती जणांना विचारू आणि प्रश्नावली कशी बनवू?

कॉलेजचा प्रकल्प दिसतोय, म्हणून आकड्याचं आधी सांगून टाकते. पुस्तकात तुम्हाला ३८४ सापडेल. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के इकडेतिकडे, असं ते गणित. पण ते लागू होतं यादीतून चिठ्ठी काढल्यासारखी माणसं निवडली तर. निपाणीतल्या बिडी वळणाऱ्या बायकांची किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी पोरांची पुरी यादी तुम्हाला कोण देणार? एकटे असाल तर शंभरेक माणसं धरा आणि त्यांना धड विचारा.

आता प्रश्नावली. इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण या कामात माझी नऊ फॉर्मांची मजुरी बुडालेली आहे.

मी निपाणीची. आईनं आयुष्यभर बिड्या वळल्या, बिडी कामगारांच्या मुलांना सरकारची शिष्यवृत्ती असायची त्यावर माझी पुस्तकं आली. बीए झाल्यावर, २०१३ साली, एका संस्थेचं सर्वेक्षणाचं काम मिळालं. एका फॉर्मला साठ रुपये. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत छापलेले. मराठीत कसं विचारायचं असं ट्रेनिंगमध्ये विचारलं तर 'ते तुमचं तुम्ही बघा' म्हणाले. मतांच्या प्रश्नांना 'फार समाधानी'पासून 'अजिबात समाधानी नाही'पर्यंत पाच चौकटी, बाजूला एक 'सांगता येत नाही'ची, आणि शेवटी चार रिकाम्या ओळी. त्यात बोलणाऱ्याचं बोलणं शब्दशः उतरवायचं. हे शब्दशः प्रकरणच मला नडलं.

पहिल्याच घरात मावशी उंबऱ्यापाशी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. मी विचारलं, "मावशी, काम करता का कुठं?"

"न्हाई बाळ, मी घरातच असतो."

एवढं बोलेपर्यंत सुपात तीन बिड्या पडल्या. ओल्या फडक्यातलं कापलेलं पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, नखानं तोंड दाबायचं, दोरा गुंडाळायचा. नजर माझ्याकडे आणि बोटं आपली चालूच. फॉर्मवर सूचना होती की 'काम करत नाही' असं उत्तर आलं तर थेट पान चारवर जा. म्हणजे मजुरी, पीएफ, कामाचे तास, समाधान, सगळं गाळून. मी म्हटलं, "मग हे काय?" तर म्हणाल्या, "हे व्हय? हे बिड्या."

तेव्हा 'काम करता का' हा प्रश्न बायकांना विचारूच नका. 'काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं' असं विचारा. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं असेल तरी त्या आठवड्यापुरतं माणूस रोजगारात धरतात. ती व्याख्या मला फारच सैल वाटते, तासाभराच्या कामानं कुणाची चूल पेटत नाही. पण निदान मावशी त्यात दिसतील. आपल्या तोंडून आलेल्या 'काम'मध्ये त्या दिसत नाहीत.

मग समाधानाचा प्रश्न. उत्तर आलं, "चाललंय की."

आता हे पाचातल्या कुठल्या चौकटीत घालायचं, सांगा. त्या दिवशी आठ घरं केली, त्यातल्या पाचांत 'चाललंय' आलं. एक चाललंय हसत, एक मान न वर करता, एक नवऱ्याकडे बघून. रात्री आईला विचारलं तर म्हणाली, "चाललंय म्हंजे फुडचं इचारू नको." मी अशा ठिकाणी 'सांगता येत नाही'वर खूण केली आणि खाली शब्दशः उतरवत गेले.

चाळीस फॉर्म जमा केले. आठवड्यानं पुण्याहून स्क्रुटिनीच्या साहेबांचा फोन. नऊ फॉर्म बोगस आहेत. का? तर लिंगाच्या रकान्यात स्त्री आणि खाली 'मी घरातच असतो', 'दिवसाला सातशे वळतो', 'पाठ धरली की झोपतो' अशी पुरुषाची उत्तरं. म्हणजे घरात बसून खरडलेत. मी सांगितलं, साहेब, आमच्याकडे बायका असंच बोलतात. 'जातो', 'येतो', 'खातो'. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत कुठल्याही एसटीत बसा, ऐकू येईल. मी स्वतः घरात 'जातो' म्हणते आणि लिहिताना 'जाते' लिहिते, शाळेत हातावर छडी खाऊन शिकले ते. साहेब म्हणाले, "मराठी आम्हालाही येते."

गंमत म्हणजे आमच्या कन्नड सुपरवायझरना ते एका वाक्यात पटलं. कन्नडमध्ये बाई असो की बाप्या, 'मी येतो'ला 'बर्तीनी' एकच. ते म्हणाले, यात काय विशेष? भाषेवरून आमच्या जिल्ह्यात काय काय झालंय ते तुम्हाला माहीत असेलच. इथं मात्र मराठी साहेबांना मराठी बाई खोटी वाटली आणि कन्नड माणसाला खरी.

उरलेल्या फॉर्मांतही साहेबांनी सगळे 'चाललंय' 'समाधानी'त ढकलले. 'सांगता येत नाही' जास्त आलं की अहवाल वाईट दिसतो म्हणे. आईच्या बिड्यांची कारखान्यात छाट निघायची, चेकर मूठभर बिड्या उचलून बाजूला टाकायचा आणि त्यांचे पैसे नाहीत. छाटीवरून ती काय बोलायची ते इथं लिहिता येणार नाही. मी त्या दिवशी फोनवर साधारण तेच बोललो. (लिहूनच टाकते तसं.)

अर्थव्यवस्थेबद्दल विचारायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विश्वास सर्वेक्षणाचा साचा बघा. देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, किमती, उत्पन्न आणि खर्च, या पाच गोष्टी वर्षापूर्वीपेक्षा सुधारल्या की बिघडल्या आणि येत्या वर्षात काय होईल. १०० च्या वर आकडा म्हणजे लोक आशेवर, खाली म्हणजे निराश. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये सध्याच्या स्थितीचा आकडा ४८.५ पर्यंत आला होता. साचा चांगला आहे, पण ज्या एकोणीस शहरांत ते विचारायचे त्यात कर्नाटकातलं फक्त बंगळूर. निपाणीत 'देशाची आर्थिक स्थिती' म्हटलं की समोरचा टीव्हीत ऐकलेलं म्हणून दाखवतो. तेलाचा डबा आणता की सुटं तेल, भिशी चालू आहे की मोडली, मुकादमाकडून उचल घेतली का, असं विचारा. जीवनमानाचा दर्जा वगैरे शब्द प्रबंधात वापरा, दारात नको.

उद्यमबागेत फौंड्रीच्या आत जाऊन विचारू नका. मी एकदा गेले होते. टाइमकीपर शेजारी उभा, सगळे समाधानी. सुट्टीनंतर बाहेर चहाच्या गाड्यावर त्यातलाच फेटलिंगचा, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणारा, पोरगा म्हणाला, "धूळ बघितलीस नव्हं? मग इचारतीस कशाला." निपाणीकडून कागलच्या एमआयडीसीत रोज जाणारेही विसरू नका. घर कर्नाटकात, हजेरी महाराष्ट्रात. 'इथली परिस्थिती' म्हटलं तर ते कुठलं इथं धरतील ते आधी विचारून घ्या.

एक कबूल करते. मी गावातली, आई त्याच कारखान्याला बिड्या द्यायची, त्यामुळे छाटीबद्दल काही बायका माझ्यापुढे तोंडच उघडत नव्हत्या. परक्या माणसाला कदाचित जास्त सांगतील. म्हणून मी म्हणते तेच खरं असं धरू नका. आणि मी आता एका दुकानाचे हिशेब लिहिते, हे काम सोडून बरीच वर्षं झाली. फोनवरून सर्वेक्षण कसं करतात ते दुसऱ्या कुणाला विचारा.

पण शब्दशः लिहायच्या चार ओळी ठेवाच, आणि तपासायला जो कुणी बसेल त्याला आधी आठवडाभर निपाणीच्या बाजारात फिरवा. ते साहेब हे वाचत असतील तर नऊ गुणिले साठ, पाचशे चाळीस होतात.