नेपथ्य आणि प्रकाशयोजनेच्या अभ्यासक्रमासाठी पोर्टफोलिओ आणि मुलाखतीची तयारी कशी करावी?

आपण पुण्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी दोन एकांकिकांचे नेपथ्य केले असून तेवढे काम पुरेल का, असे विचारले आहे. माझ्या मते ते पुरेसे आहे, मात्र केवळ प्रयोगाची छायाचित्रे दाखवून भागणार नाही. परीक्षकांना आपली विचारप्रक्रिया पाहायची असते. म्हणून संहितेच्या समासातील टिपणे, पहिली कच्ची रेखाटने, रद्द केलेला आराखडा आणि तो का रद्द करावा लागला याचे दोन ओळींचे स्पष्टीकरण, हे सारे अंतिम छायाचित्राच्या शेजारीच लावावे.

एक प्रतिकृती अवश्य करावी. १:२५ या प्रमाणात १० मीटर रुंदीचा रंगमंच ४० सेंटिमीटरचा होतो, आणि त्यात त्याच प्रमाणातील मनुष्याकृती ठेवली की दाराची उंची चुकली आहे हे लगेच उमगते. सोबत मोजमापांसह तलआराखडा, म्हणजे वरून पाहिल्यास दिसणाऱ्या मांडणीचे रेखाचित्र, हवाच. हाताने काढलेली वस्तुचित्रे व व्यक्तिचित्रेही ठेवावीत. ती सफाईदार नसली तरी चालतील.

गटाच्या कामात आपला वाटा नेमका कोणता, हे प्रत्येक पानावर प्रामाणिकपणे लिहावे. मुलाखतीत “प्रवेशांमधील बदल किती वेळात होत होता?”, “पैसे निम्मे असते तर काय वगळले असते?” असे प्रश्न येऊ शकतात, तेव्हा आपल्या एकांकिका याच दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. शक्य असल्यास भरत नाट्य मंदिरात किंवा बालगंधर्वमध्ये एखाद्या प्रयोगाआधी, परवानगी घेऊन, दिवे लावताना पाहावे.