बाईकची चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) जास्त टिकावी म्हणून कोणती घ्यावी?

सील असलेली, म्हणजे सांध्यांत ओ-रिंग किंवा एक्स-रिंग नावाच्या रबरी रिंगा असलेली चेन घ्या. साध्या चेनमध्ये पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी) यांमधलं ग्रीस हळूहळू निघून जातं, धूळ आत शिरते आणि प्रत्येक सांधा कणाकणाने झिजतो. आपण म्हणतो ‘चेन ताणली’, पण लोखंड ताणलेलं नसतं, ही झीज असते. रबरी रिंग ते ग्रीस आतच कोंडून ठेवते. एक्स-रिंगचं घर्षण ओ-रिंगपेक्षा कमी, म्हणून ती थोडी सरस.

साइज मात्र कंपनीने दिलेलाच ठेवा. चेनच्या ४२८ या साइज-नंबरातला ४ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर ४/८ इंच, ५२० मध्ये ५/८ इंच. एकाची चेन दुसऱ्याच्या स्प्रॉकेटवर बसणारच नाही.

स्प्रॉकेट स्टीलचंच. ॲल्युमिनियमचं हलकं असतं, दिसतंही झकास, पण रोजच्या वापरात लवकर झिजतं.

आणि बदलताना पूर्ण सेट, म्हणजे चेन आणि पुढचं-मागचं दोन्ही स्प्रॉकेट, बदला. नुसती चेन टाकून पैसे वाचवायचा उद्योग मी एकदा केलाय. जुन्या स्प्रॉकेटच्या आकड्यासारख्या वाकलेल्या दातांनी नव्या चेनची पार वाट लावली.

आधीची खरंच संपलीय का, ते असं बघा: मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर संपली.

सीलवाली चेन पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने अजिबात धुऊ नका, रिंगा जातात.