कॅम्पर व्हॅन घेऊन जुन्या गावी जावं का? आमचा सांगली-मिरजेचा अनुभव

तुम्ही विचारलंय की निवृत्तीनंतर कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत बेड, ओटा आणि संडास असलेली गाडी, भाड्यानं घेऊन लहानपणीच्या गावी आणि आसपासच्या नातेवाइकांकडे जावं का. घर असताना गाडीत झोपलो तर माणसं दुखावतील का, अशीही शंका तुम्हाला आहे.

जरूर जा. माणसं सुरुवातीला थोडी दुखावतील, पण त्यावर उपाय आहे.

माझं लहानपण सांगलीच्या गावभागात, म्हणजे जुन्या वस्तीत गेलं. नोकरीमुळे आयुष्य पुण्यात गेलं. माझ्या बायकोचं माहेर तासगावजवळच्या एका वाडीत. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं व्हॅन घेऊन सांगली, हरिपूर, मिरज, तासगाव, नरसोबाची वाडी असं सावकाश हिंडून आलो. पुण्याहून सांगली चार-पाच तासांवर, म्हणजे अंतर आम्हाला कधीच आडवं आलं नव्हतं. आडवं येत होतं ते पाहुणेपण. ज्यांना भेटायची ओढ असते ती माणसं आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. आपण राहायला येतोय म्हटलं की गुडघे धरून माळ्यावरच्या गाद्या काढतात, चार दिवस आधीपासून डबे भरतात. तो त्रास नको म्हणून आपण लग्नाकार्याला जातो, कार्यालयात भेटतो, किंवा एका दिवसात पाच घरी पोहे खाऊन परत फिरतो. निवांत बोलणं होतच नाही.

व्हॅनमुळे आमचं अंथरूण-पांघरूण, सकाळचा चहा, आंघोळ हे सगळं आमच्याजवळ राहिलं. त्यामुळे ज्याच्या घरी जी वेळ निवांत, त्या वेळी जाऊन बसता आलं. आत्या पहाटे साडेचारला उठते, तर पाचला तिच्या ओट्यापाशी. मित्र दुकान बंद करून रात्री मोकळा होतो, तर रात्री त्याच्याकडे.

आता दुखावण्याबद्दल. माझी आत्या गावभागातच राहते. गाडी बघून तिचं पहिलं वाक्य, ‘अरे, घर असताना रस्त्यावर झोपणार? गल्ली काय म्हणेल मला?’ तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या गल्लीत भाचा दाराबाहेर झोपला याचा अर्थ एकच निघतो. म्हणून पहिली रात्र आम्ही तिच्याच घरात, माजघरात सतरंजीवर झोपलो. तिनं कृष्णाकाठची भरली वांगी केली, आम्ही पोटभर जेवलो, शेजारणी येऊन बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीत चहाला बोलावलं. ती ओटा बघून गेली, नळ सोडून बघितला, फ्रीज उघडला, खिडकीजवळ बसली आणि मग स्वतःच म्हणाली, ‘झोपा बाई इथं, माझी काही हरकत नाही.’ तुम्हीही असंच करा. पहिली रात्र घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाच्या छपराखाली झोपा आणि पुढच्या दिवशी त्यांना आपल्याकडे पाहुणे म्हणून बोलवा. त्यांना यजमानपण मिळालं आणि पाहुणचारही मिळाला की तक्रार राहत नाही.

ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ती गोष्ट यापुढची आहे. आत्यानं गाडीतला संडास बघितला आणि विचारलं, ‘मग मला हरिपूरला नेशील?’

हरिपूर सांगलीपासून तीन-चार किलोमीटरवर. रिक्षानं दहा मिनिटांत जाता येतं. पण आत्या कित्येक वर्षांत गेली नव्हती. न जाण्याचं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला बाथरूमला वरचेवर जावं लागतं, बाहेर सोय नसते, असली तरी पायऱ्या असतात आणि तिला खाली बसता येत नाही. ‘देवाला घरूनच नमस्कार करते’ असं ती म्हणायची आणि आम्ही ते खरं धरून चाललो होतो. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायका याच कारणानं घराबाहेर पडत नाहीत आणि तोंडानं मात्र ‘आता कुठं जायची हौस राहिली नाही’ असं म्हणतात.

तिला घेऊन गेलो. हरिपूर रस्त्याच्या कडेच्या चिंचा तिनं खिडकीतून ओळखल्या. संगमेश्वराच्या देवळात दर्शन घेतलं, वारणा कृष्णेला मिळते तिथं काठावर गाडीचं दार उघडं ठेवून बसलो. तिथं ती पेवांबद्दल बोलायला लागली. हरिपूरच्या जमिनीत हळद साठवायची खोल पेवं असत, वरून तोंड अरुंद आणि आत माणूस उतरेल एवढी जागा. वरचं तोंड मातीनं लिंपून बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीची हळदीची पेठ वाढली त्यात या पेवांचा मोठा हात होता. २००५च्या महापुरात त्यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि ती पद्धत मोडीत निघाली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे मी पेपरात वाचलं होतं. पण आमच्या आजोबांचा एका पेवात वाटा होता, पेव उघडलं की आतली हवा जाईपर्यंत कुणाला उतरू देत नसत, आणि उतरण्याआधी कंदील सोडून बघत, हे मला आत्याकडून त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरात बसून ‘जुन्या गोष्टी सांग’ म्हटल्यावर तिनं हे कधी सांगितलं नसतं. जागा समोर आली म्हणून तिला आठवलं.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, जुन्या जागा एकट्यानं बघू नका. ज्या माणसाची ती जागा आहे त्याला गाडीत बसवून तिथं न्या. गाडी तुम्हाला त्यांच्यापर्यंत पोचवते, पण तिचा खरा उपयोग त्यांना घराबाहेर काढण्यासाठी आहे.

परतताना आत्यानं आयर्विन पूल बघायचं म्हटलं. १९२९ साली बांधलेला हा पूल सांगलीकरांसाठी महापुराची मोजपट्टी आहे. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. आत्याच्या घराच्या भिंतीवर २००५ची खूण आहे आणि तिच्या वर २०१९ची. २०२१ साली पुन्हा पाणी आलं. ती दर वेळी सांगलीतच विश्रामबाग भागात चुलतभावाकडे जाते आणि चिखल धुऊन परत येते. घर सोड म्हणून सगळ्यांनी तिला सांगून झालंय. पुलाजवळ काठावर बसून तिनं कुठल्या पुरात कुणाच्या घरी कोण राहिलं, हे ओळीनं सांगितलं. ते ऐकल्यावर मी तिला घर सोड म्हणणं बंद केलं. गाडी मात्र त्या जुन्या पुलावर घालू नका. अवजड वाहनांना तो बंद आहे. पेठ नाक्याकडून येताना सांगलीवाडीच्या अलीकडून बायपासच्या पुलावरून या.

मिरजेत माझा शाळेतला मित्र तंबोरे आणि सतारी करणाऱ्या घरातला. त्याच्याकडे आम्ही रात्री गेलो. पंढरपूर भागातून येणारे भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. शाळेत असताना त्याच्या वडिलांच्या दुकानात आम्ही गृहपाठ करायचो. मिरजेला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात. दर वर्षी उरुसात तिथं मोठे गवय्ये हजेरी लावतात, आणि पोरवयात आम्ही तिथं रात्रभर बसलेलो आहोत. दुकान बंद केल्यावर आम्ही दोघं चालत तिथं जाऊन आलो. त्याच्या मुलानं हे काम पुढे चालवायचं ठरवलंय. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली मानांकन मिळालं, त्यावर तो भरभरून बोलत होता. त्या गल्लीत गाडी वळणं अशक्य, म्हणून ती आम्ही बाहेर मोठ्या रस्त्यालगतच्या मैदानात, विचारून लावली होती. जुन्या गावांत असंच करावं लागतं. गाडी वेशीवर आणि पुढे पायी.

तासगावकडे आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी पोचलो. मुद्दाम तीच वेळ धरली होती. तेव्हा बेदाण्याची शेडं भरलेली असतात. द्राक्षाचे घड लवकर वाळावेत म्हणून डिपिंगच्या द्रावणातून बुडवून काढतात आणि जाळीच्या मांडवांवर थरावर थर पसरतात, मग पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो. बायकोच्या थोरल्या भावाच्या शेडाशेजारी गाडी लावली. इतक्या वर्षांत ती माहेरी गेली की स्वयंपाकघरातच अडकायची, कारण पाहुणे आम्हीच असायचो आणि वहिनींच्या हाताखाली काम करणं तिला भाग पडायचं. या वेळी ती सकाळी आपल्या चहाचा कप घेऊन सरळ शेडात गेली आणि बायकांबरोबर बेदाणा निवडत बसली. लहानपणी ती हेच करायची. वहिनी दुपारी तिच्याकडे गाडीत येऊन पाय लांब करून बसल्या. त्या दोघी दोन-दोन तास बोलताना मी पहिल्यांदा बघितल्या.

नरसोबाच्या वाडीला मात्र आम्ही एक दुपारच थांबलो. दर्शन घेतलं, बासुंदी घेतली, निघालो. तिथं आमचं आता कुणी उरलेलं नाही.

आता तुम्हाला लागतील अशा गोष्टी.

गाडी घेताना आरसी, म्हणजे नोंदणीचं कागदपत्र, बघा. त्यात तिची नोंद मोटर कॅराव्हॅन म्हणून हवी. मालवाहू गाडीत बेड-ओटा बसवून कुणी भाड्यानं देत असेल तर घेऊ नका. नोंदणीत नसलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्यासाठी भांडावं लागतं. साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. म्हाताऱ्या माणसांना चालत्या गाडीत फक्त पट्टा असलेल्या सीटवर बसवा, बेडवर अजिबात नको. आणि एक मजबूत, रुंद पाट किंवा पायरी बरोबर ठेवा. गाडीची पहिली पायरी उंच असते, आत्याला तेवढाच एक अडथळा होता.

रात्री गाडी चालवू नका. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. गावात शिरताना नजर वरही ठेवा. कमानी, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि मांडवाचे बांबू गाडीच्या टपाला लागतात.

नातेवाइकांच्या घरून वीज घ्यायची तर सोळा अँपिअरच्या प्लगवरून जाड वायर ओढा. जुन्या वायरिंगच्या घरावर गाडीचा एसी लावू नका, पंख्यावर भागवा. पाणी भरताना आधी विचारा. गावभागासारख्या ठिकाणी नळाला ठरावीक वेळेलाच पाणी येतं, त्यामुळे आपली टाकी शेतावरच्या बोअरवर भरलेली बरी. संडासाची कॅसेट, म्हणजे त्याखालची काढता येणारी टाकी, घरच्या संडासात, सेप्टिक टँकला जाईल अशी रिकामी करायची. नदीत, ओढ्यात किंवा उसाच्या पाटात कधीही नाही. नदीकाठी गाडी लावायचा मोह होतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये घाटावर मुक्काम करू नका. कोयना धरणातून पाणी सोडलं की पातळी चढते.

आणि आठवडा असेल तर चार घरांपेक्षा जास्त ठरवू नका. बाकीच्यांना फोनवर स्पष्ट सांगा की या खेपेला जमणार नाही. ज्यांचं वय सगळ्यात जास्त, त्यांचं घर यादीत पहिलं ठेवा. निघण्याआधी त्यांना फोन करून एवढंच विचारा की गाडीत सोय आहे, तुम्हाला कुठं जाऊन यायचंय. पहिल्यांदा ‘कुठं नाही’ म्हणतील. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, आणि जे नाव घेतील त्याभोवती तुमचा मार्ग आखा.