थेंब पडतो एकीकडे, तेल गळतं दुसरीकडून
वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकची इंजिन ऑइल गळती

प्रश्न : आमच्या सहा सिलिंडर डिझेल ट्रकचे साडेसात लाख किलोमीटर झाले आहेत. रात्री गाडी उभी केली की सकाळी चेंबरखाली तळहाताएवढा डाग असतो. चेंबरचं पॅकिंग बदललं, आठ दिवसांत पुन्हा तेच. आता मिस्त्री म्हणतो क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं) मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवण्याआधी नक्की कुठून गळतंय हे कळू शकेल का?

उत्तर : कळू शकेल, आणि कळल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. चेंबर म्हणजे तेल साठतं ती टाकी, इंजिनाचा सगळ्यात खालचा भाग. वर कुठेही गळलं तरी तेल ओघळत शेवटी तिथेच येतं. त्यात गाडी चालताना वारा तेलाला मागे ढकलतो. म्हणून थेंब कुठे पडतो याला फारसं महत्त्व नाही. इंजिनावरची सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

आधी ते इंजिन ऑइलच आहे ना, याची खात्री करा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने मांडून ठेवा, म्हणजे डाग कशाच्या खाली पडला ते सकाळी कळेल. डिझेल इंजिनाचं वापरलेलं ऑइल काळं असतं. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पॉवर स्टिअरिंगचं तेल बहुधा लालसर असतं. कूलंट बोटाला पाण्यासारखं लागतं, वास गोडसर येतो. डिझेल पातळ असतं आणि कागदावर झपाट्याने पसरतं.

इंजिन धुण्याची घाई करू नका. धुण्याआधी केबिन उचलून, तिचा लॉक आणि आधाराची दांडी बसल्याची खात्री करून, चाकांना अडसर म्हणून ठोकळे लावून एकदा नीट बघा. धूळ आणि तेल मिळून जिथे डांबरासारखा जाड, कोरडा थर बसलाय तिथलं गळणं जुनं, कदाचित थांबलेलंही असेल. त्याच थरातून एखादी चकचकीत ओली रेघ खाली उतरलेली दिसली तर ती आजची. ती रेघ वरच्या दिशेने माग काढत जा. निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं, आणि आधीच धुतलं तर हा पुरावा पाण्यात जातो.

मग थंड इंजिनावर डीग्रीजर (तेलकटपणा काढणारं द्रव) मारून १० ते १५ मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा आणि साध्या दाबाच्या पाण्याने धुवा. त्याआधी अल्टरनेटर, स्टार्टर, एअर फिल्टरचं तोंड, ब्रीदर (इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी वाट) आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने गुंडाळा. प्रेशर वॉशरची धार सीलवर धरू नका, पाणी सीलच्या ओठाच्या (शाफ्टला टेकणाऱ्या कडेच्या) आत शिरतं. नंतर हवेने सुकवा. बोल्टच्या डोक्याभोवती आणि खोबणींत साचलेलं तेल उडवलं नाही तर तेच पुढे ताज्या गळतीसारखं ओघळतं.

आता इंजिन १५ मिनिटं आयडलवर (पेडल न दाबता) ठेवून टॉर्चने वरून खाली बघत या: टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण), टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याच्या) तेलाचे पाइप, फिल्टर हेड, ऑइल कूलर, टायमिंग कव्हर, सगळ्यात शेवटी चेंबर. काहीच दिसलं नाही तर गाडी २०–३० किलोमीटर फिरवून आणा, शक्यतो भरलेली. काही गळत्या तेल तापून पातळ झाल्यावर आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढल्यावरच उघड्या पडतात. परत आल्याबरोबर बघायचं. अर्ध्या तासाने बघितलं तर सगळीकडे ओलंच दिसेल.

तरीही सापडत नसेल तर सुकलेल्या इंजिनावर टाल्कम पावडरचा पातळ थर फवारा. पांढऱ्यावर तेलाची पहिली काळी रेघ लगेच उठून दिसते. दुसरा उपाय म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिव्यात चमकणारा डाय तेलात टाकणं. बाटलीवरचं प्रमाण लिटरप्रमाणे मोजा. लहान गाडीच्या ४–५ लिटरसाठीची बाटली २० लिटरच्या इंजिनात टाकली तर चमक इतकी फिकी येते की गळतीच नाही असं वाटतं.

तुमच्या बाबतीत दोन जागा मुद्दाम तपासा. पहिली, ऑइल प्रेशर स्विच. अंगठ्याएवढी वस्तू. आतला पडदा फाटला की तेल थेट वायरच्या कनेक्टरमधून बाहेर येतं आणि ब्लॉकवरून उतरत चेंबरच्या कडेवर जमतं. बघणाऱ्याला हटकून चेंबरचं पॅकिंग गेल्यासारखंच दिसतं. कनेक्टर ओढून काढा. आत पिना तेलात भिजलेल्या असतील तर स्विच बदला.

दुसरी, टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा. तिथलं तेल ब्लॉकच्या पाठीवरून बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घरावर) येतं, कडेने फिरून खालच्या भोकाशी थेंब धरतं आणि मागच्या सीलचं सोंग आणतं. बेल हाउसिंगच्या तपासणीचं झाकण उघडून आरसा किंवा छोटा कॅमेरा घाला. बाहेरून ओलं आणि आत कोरडं असेल तर मागच्या सीलचा काही दोष नाही. आत फ्लायव्हीलमागे (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकामागे) ओलं असेल आणि कडेला तेल भिरकावल्याच्या रेघा असतील तर मिस्त्री बरोबर असू शकेल. पण तेव्हाही बोट लावून वास घ्या. गंधकाचा वास आला तर ते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आहे. गिअरबॉक्स तरीही उतरेल, पण बदलायची वस्तू वेगळी.

प्रश्न : मागचं सील वर्षभरात दोनदा बदललं, चांगल्या कंपनीचं घातलं. तिसऱ्यांदा गळायला लागलंय. सील डुप्लिकेट येतात का?

उत्तर : येतात, पण सलग दोनदा तेच झालं असेल तर संशय सीलवरून हटवून इंजिनाच्या आतल्या दाबावर न्या. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर झिजले की ज्वलनाचा वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या पोकळीत) उतरतो. यालाच ब्लो-बाय म्हणतात. तो ब्रीदरमधून बाहेर जायला हवा. वायू जास्त झाला किंवा ब्रीदर तुंबला की दाब वाढतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून ढकललं जातं. एक सील नवं घातलं की ते त्याच्या खालोखाल कमकुवत जागेतून येतं. एकाच वेळी तीन-चार ठिकाणी ओलं दिसत असेल तर दाबाची शक्यता सगळ्यात आधी धरा.

साधी चाचणी अशी: गरम इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायच्या तोंडावरचं झाकण काढा आणि उलटं करून नुसतं ठेवा. किंचित थरथरलं तर चालेल. नाचायला लागलं किंवा उडून पडलं तर दाब जास्त आहे. नेमकं मोजायचं असेल तर दीड-दोन मीटर पारदर्शक नळी इंग्रजी यूच्या आकारात फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा आणि एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक हाच दाब. त्याची मर्यादा इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि ती सहसा पूर्ण आरपीएमवरची असते, आयडलवरची नाही. नळी उंच ठेवा. ब्रीदरची नळी बाहेर न सोडता इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या बाजूला जोडलेली असेल तर उलटी ओढ लागून पाणी आत जाऊ नये.

दाब जास्त आला म्हणून लगेच इंजिन खोलू नका. ब्रीदरची नळी काढा आणि पुन्हा मोजा. दाब धाडकन उतरला तर नळी किंवा आतली जाळी चिखलाने तुंबली आहे. साफ करा, जाळी बदला, काम झालं. उतरला नाही आणि ब्रीदरमधून धुराचा लोट येतोय, तर एअर ब्रेकच्या कंप्रेसरकडे वळा. हे बरेच जण विसरतात. कंप्रेसरच्या रिंगा झिजल्या तर दाबाची हवा त्याच्यातूनही क्रँककेसमध्ये येते. टाक्या रिकाम्या करून कंप्रेसर हवा भरत असताना दाब बघा आणि टाक्या भरून तो अनलोड झाल्यावर (हवा भरायचा थांबल्यावर) पुन्हा बघा. ठळक फरक पडला तर दोष कंप्रेसरचा, आणि इंजिनाचं काम वाचलं. टाक्यांच्या ड्रेनमधून पाण्याबरोबर तेल येत असेल तर संशय आणखी पक्का. हे सगळं ठीक निघालं तरच कंप्रेशन तपासून रिंग-लायनरचा विचार करा. टर्बोचं सीलही लोड आल्यावर दाब आत सोडतं, तेव्हा तोही तपासून घ्या.

दाब बरोबर असूनही सील टिकत नसेल तर क्रँककडे बघा. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर खोबण पाडलेली असते. नख आडवं फिरवा. नख अडलं तर नवं सील त्याच खोबणीत बसून गळणारच. त्यावर पातळ वेअर स्लीव्ह (धातूची बाही) चढवतात, किंवा सीलच्या हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवतात. क्रँकचं पुढे-मागे आणि वर-खाली होणारं प्ले (ढिलेपणा) डायल गेजने मोजा. मेन बेअरिंग झिजलेलं असेल तर शाफ्ट गरगरताना हलतो आणि ओठाला त्याच्याबरोबर हलता येत नाही.

बसवण्यातही घोळ होतो. रबरी ओठाच्या सीलला तेलाचा हात लावून बसवायचं असतं. टेफ्लॉनचं सील मात्र सहसा पूर्ण कोरडं, सोबतच्या प्लास्टिक बाहीवरून, ओठाला बोट न लावता. सवयीने त्यालाही तेल फासलं की ओठाचा थर शाफ्टवर बसत नाही आणि पहिल्या दिवसापासून पाझर. दोन्ही वेळा असंच झालं नाही ना, ते मिस्त्रीला विचारा. फ्लायव्हील निघालेलंच असेल तर ब्लॉकच्या पाठीवरचे तेलाच्या वाटांचे प्लग आणि कॅमशाफ्टचं टोपणही तपासून घ्या. तिथलं तेलही नेमकं सीलखालीच उतरतं.

प्रश्न : टॅपेट कव्हर गळतं. बोल्ट आवळले की दोन दिवस बरं, मग पुन्हा.

उत्तर : आवळणं थांबवा. जास्त आवळलं की पॅकिंग बाहेर सरकतं आणि पत्र्याच्या कव्हरचं बोल्टजवळ बूड दबून मधला भाग उचलला जातो. कव्हर काढून सपाट पट्टीवर ठेवा, उंचवटे लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने ठोकून सपाट करा. दोन्ही पृष्ठभाग पूर्ण साफ आणि कोरडे हवेत. सीलंट फक्त जोडाच्या कोपऱ्यात, तेही मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच. मधून सुरुवात करून आळीपाळीने, टॉर्क रेंचने दोन टप्प्यांत आवळा.

प्रश्न : गळती थांबवणारं बाटलीतलं औषध टाकू का? की घट्ट ग्रेडचं तेल भरू?

उत्तर : औषधात रबर फुगवणारे घटक असतात. वाळून कडक झालेल्या सीलचा पाझर काही दिवसांनी कमी होऊ शकतो. फाटलेलं सील, खोबण पडलेला शाफ्ट, वाकलेलं कव्हर यांना त्याचा काही उपयोग नाही, आणि दुप्पट मात्रा घातली तर चांगली सीलंही नरम पडतात. घट्ट तेलाने थेंब कमी होतात हे खरं. पण थंडीत ते वर टॅपेटपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचतं. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० लिहिलंय तर तेच भरा.

प्रश्न : किती गळती चालवून घ्यावी?

उत्तर : मोजा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला ७२ मिलिलिटर, महिन्याला दोन लिटरच्या वर. दर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरपेक्षा जास्त. पहिली गळती रोज डिपस्टिक बघत सोयीच्या वेळेपर्यंत ढकलता येते. दुसरी नाही. डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन बंद करून १० ते १५ मिनिटांनी बघायची. पातळी उतरतेय आणि खाली डागच नाही, तर तेल जळतंय. सायलेन्सरमधून निळा धूर येतो का ते बघा.

थेंब कितीही कमी असोत, तेल टर्बोवर किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत असेल तर गाडी उभी करा, आग लागते. क्लच सरकायला लागला तर प्लेटवर तेल आलंय. आणि गळती असूनही डिपस्टिकवर पातळी वाढत असेल तर तेलात डिझेल किंवा पाणी मिसळतंय. डिझेलने तेल पातळ होतं, तेही सगळ्या सीलमधून जास्त पाझरायला लागतं. तेव्हा आधी फ्युएल पंप, इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या आणि ऑइल कूलर तपासा, पॅकिंगचं नंतर.